माप हरवले की भावही हरवतो

बिस्किटाचा पुडा हलका झाला, साबणाची वडी पातळ झाली, फरसाणाच्या पाकिटात निम्मी हवाच, अशी तक्रार कुठेही निघाली की दोन उत्तरे तयार असतात. पहिले रागाचे : कंपन्या लुटताहेत. दुसरे समजूतदारपणाचे : वजन पुड्यावर छापलेले असते, वाचून घ्यावे, ग्राहकाने जागरूक राहावे. मला ही दोन्ही उत्तरे वरवरची वाटतात. एक सगळा दोष विकणाऱ्याच्या नीतीवर टाकते, दुसरे घेणाऱ्याच्या आळसावर. आणि मामला शेवटी पैशांचाच आहे, भाव वाढला तो फक्त गुपचूप वाढला, हे दोघांनाही मान्य असते.

माझे म्हणणे वेगळे आहे. भाव वाढतो तेव्हा आपले पैसे जातात. माप बदलते तेव्हा पैसे जातात आणि ते गेले हे कळण्याचे साधनही जाते. म्हणून वजन घटवणे ही भाववाढीची एक सौम्य तऱ्हा आहे असे मानणे चूक आहे. तो समाजाच्या सामाईक मापावरचा घाला आहे. त्यावर उपाय करायचा तो मापाच्या बाजूने करावा लागेल, ग्राहकाला जागरूकतेचे डोस पाजून नव्हे. हे मी पायरीपायरीने मांडतो.

१. भाव ही जोडी आहे

बाजारात आपण विचारतो, ‘कांदा काय भाव?’ उत्तर येते, ‘तीस रुपये किलो.’ आपले सगळे लक्ष तिसावर असते, कारण किलोची हमी दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असते. ती हमी नसेल तर तीस या आकड्याला काडीचा अर्थ उरत नाही. भाव म्हणजे आकडा आणि माप यांची जोडी. त्यातले माप स्थिर असेल तरच आकडा बोलतो.

ही हमी आपोआप मिळालेली नाही. ज्वारीचा भाव पायलीला सांगत त्या काळी एका मुलखाची पायली दुसऱ्या मुलखात चालत नसे, आणि या फरकातच व्यापाऱ्याचा नफा आणि कुणब्याचा तोटा दडलेला असे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग अनुभवातून आला आहे. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. पुढे पाकीटबंद मालाचे दिवस आले तसे १९७६ चा कायदा आणि १९७७ चे नियम आले. १९९० पासून सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. नंतर २००९ चा वैधमापन शास्त्र कायदा आणि २०११ चे पाकीटबंद वस्तूंचे नियम लागू झाले.

या २०११ च्या नियमांना एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात १९ वस्तूंची यादी होती : धान्ये आणि डाळी, पीठ-रवा, खाद्यतेल, मीठ, चहा, कॉफी, बिस्किटे, पाव, साबण, दूध पावडर, बाळांचा आहार वगैरे. या वस्तू ठरवून दिलेल्या वजनांतच पाकीटबंद करायच्या, मधल्याच कुठल्या वजनात नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या दुरुस्तीने हे परिशिष्ट काढून टाकले. उद्योगांवरचा जाच कमी करण्याच्या नावाखाली झालेला हा बदल वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर आला आणि गेला. ज्या यादीत देशातल्या प्रत्येक घराचे वाणसामान होते ती रद्द होताना साधी चर्चाही झाली नाही. मला हा अलीकडच्या काळातला ग्राहकाचा सर्वांत मोठा पराभव वाटतो.

जुनी व्यवस्था निर्दोष नव्हती, हेही सांगितले पाहिजे. काही काळ ‘हा प्रमाणित आकार नाही’ अशी ओळ छापून वेगळ्या वजनाचे पुडे विकता येत होते, आणि छोट्या पुड्यांची वजने तेव्हाही घसरतच होती. पण गळक्या छपराला कौले घालायची सोडून छप्परच उतरवून ठेवण्यात काय शहाणपण होते?

२. किंमत गोठली, वजन सुटे झाले

पारले-जीचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून छोट्या पुड्याची किंमत जवळजवळ पाव शतक ४ रुपयांवर टिकली, मग ५ झाली. या काळात वजन १०० ग्रॅमच्या आसपासून उतरत उतरत २०२२ च्या सुमारास ५५ ग्रॅमवर आले. गणित मांडू. १०० ग्रॅमला ४ रुपये पडत होते, ते ९ रुपये ९ पैसे झाले, म्हणजे सुमारे सव्वादोन पट. या पाव शतकात एकूण महागाई याच्या कितीतरी पुढे गेली. दूध, भाडे, एसटीचे तिकीट, शाळेची फी, काहीही घ्या. खऱ्या हिशेबाने पाहिले तर ते बिस्कीट स्वस्तच झाले.

मग ‘लूट’ हा आरोप निदान इथे टिकत नाही. आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. लूट नसतानाही माप हरवलेच. ‘चार रुपयांचा पुडा’ या शब्दांत एका पिढीने एक वस्तू ओळखली, दुसऱ्या पिढीने तिच्या अर्ध्याहून थोडी मोठी वस्तू, आणि दोघींना वाटत राहिले की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत.

असे का होते, याचे कारण सोपे आहे. ५, १०, २० रुपये ही नाणी-नोटांची वजने झाली आहेत. टपरीवर साडेपाच रुपयांचा पुडा चालत नाही, सुट्ट्या पैशांची कटकट होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा ५ रुपयांच्या पुड्याची किंमत हिशेबाने ४ रुपये ४५ पैसे निघत होती. पंचेचाळीस पैसे कोण कुणाला देणार? किंमत कमी न करता वजन वाढवून द्यावे, हीच वाट कंपन्यांना सोयीची होती. किंमत खिळ्याला टांगलेली आणि वजन मोकळे, अशी ही उलटी तागडी आहे. पूर्वी वजन स्थिर असे आणि भाव हलत असे. आता भाव स्थिर दिसतो आणि वजन हलते. फक्त हलणारी बाजू ग्राहकाला दिसत नाही.

३. चोरी बाहेर, भांडण घरात

आमच्या घरी चहापावडरीचा एक जुना स्टीलचा डबा आहे. अर्ध्या किलोचा पुडा त्यात ओतला की डबा गच्च भरायचा, चमचा आत रुतवावा लागायचा. त्याच नावाचा, त्याच रंगाचा पुडा आता ओतला की वर दोन बोटे डबा रिकामा राहतो. डब्याने जे सांगितले ते पुड्याने सांगितले नव्हते. प्लास्टिकच्या चिमट्याने तोंड आवळून पुड्यातूनच चहा वापरणाऱ्या घरात तर तेही कळायचे नाही.

तिथे काय कळते? महिन्याचे सामान पंचविसाव्या दिवशीच संपते, एवढे कळते. आणि मग प्रश्न येतो, ‘एवढ्यात कसे संपले?’ हा प्रश्न कंपनीला विचारला जात नाही. तो सून सासूच्या तोंडून ऐकते, धुण्याभांड्याच्या मावशी मालकिणीच्या तोंडून ऐकतात, मुले आईच्या तोंडून ऐकतात. साबण पाण्यात ठेवतेस, तेल हात सोडून ओततेस, येताजाता डब्यात हात घालतोस. उघड भाववाढीत सबंध घर एका बाजूला असते आणि बाजार दुसऱ्या बाजूला. छुप्या घटीत घरातलीच माणसे एकमेकांसमोर उभी राहतात, आणि बहुतेक वेळा ठपका घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर येतो. स्वयंपाकघर सांभाळणारी बाई स्वतःलाच उधळी समजू लागते. या अन्यायाची नोंद कुठल्याही महागाई निर्देशांकात होत नाही. सांख्यिकी खात्याने वजनाचा हिशेब करून दर काढला तरी तो एका टक्केवारीत विरून जातो.

४. मोर्चा कशावर काढायचा?

घरातून रस्त्यावर येऊ. १९७२ च्या दुष्काळी वर्षात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रवा, रॉकेल यांचे भाव हा त्यांचा विषय होता. हे शक्य झाले कारण परळच्या बाईला आणि गोरेगावच्या बाईला एकच आकडा माहीत होता. तेल किलोला कितीचे कितीला गेले, हे घोषणेत बसते, फलकावर लिहिता येते, मंत्र्याच्या तोंडावर फेकता येते.

आज एकीच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल आहे, दुसरीच्या ८५०, तिसरीच्या ८००. एकीचा साबण १२५ ग्रॅमचा, दुसरीचा १०० चा. त्या एकमेकींना भाव विचारूच शकत नाहीत, मग एकत्र कशा येणार? लोकशाहीत भाव हा राजकीय आकडा असतो. कांद्याच्या भावाने सरकारे हादरली, कारण कांदा अजून किलोने विकला जातो. पाकिटात गेलेली वस्तू ‘काय भाव?’ या प्रश्नातून सुटते. माप फुटले की मागणीही फुटते.

५. ‘छापलेले असते ना, वाचा’

पहिला आक्षेप हाच येईल, आणि तो रास्त वाटतो. मी त्याला तीन उत्तरे देईन.

एक, पुडा आजचे वजन सांगतो, कालचे सांगत नाही. तुलना करायला कालचे वजन ग्राहकाने डोक्यात ठेवले पाहिजे. महिन्याच्या यादीत पन्नास-साठ जिनसा असतात. कोणत्या माणसाने साठ आकडे लक्षात ठेवून सुपरमार्केटच्या फळीपुढे उभे राहायचे? घरबसल्या मोबाइलवर मागवणाऱ्याला तर चित्रच दिसते, आणि चित्रात पुडा पूर्वीएवढाच असतो.

दोन, एककमूल्य. प्रमाणित वजने काढून घेताना सरकारने बदल्यात एक गोष्ट दिली : दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पैसे पडतात ते छापण्याची सक्ती. कल्पना उत्तम आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण नियम काय म्हणतो पाहा. एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर भाव ग्रॅमला लिहायचा, जास्त असेल तर किलोला, आणि दोन दशांश स्थळांपर्यंत. आता ५ रुपयांचा पुडा घ्या. वजन ५८ ग्रॅम असेल तर ग्रॅमला ०.०९ रुपये येतात. ५३ ग्रॅम असेल तरीही ०.०९ च. पाच ग्रॅम, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के माल गायब झाला आणि छापील एककमूल्य जागचे हलले नाही. १४० रुपयांचा चहाचा पाव किलोचा पुडा २४५ ग्रॅमचा झाला तर आकडा ०.५६ चा ०.५७ होतो. एका पैशाकडे कोण पाहील? तोच हिशेब किलोला लिहा : ५६० चे ५७१. अकरा रुपये लगेच डोळ्यांत भरतात. युरोपात १९९८ च्या निर्देशापासून दुकानाच्या फळीवर सहसा किलोचा किंवा लिटरचा भाव लावतात, पुडा केवढाही असो. आपण मात्र ग्राहकाच्या हाती भिंग देताना त्याची काच धूसर करून दिली.

तीन, छापलेले माप स्वतःच किती निसरडे असू शकते, हे खाद्यतेलाने दाखवून दिले आहे. तेल तापले की फुगते. काही उत्पादक लिटरचे माप ६० अंश सेल्सिअस तापमानाला धरून छापत होते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांना सुमारे ८९३. लिटर तोच, तेल मात्र २६ ग्रॅम कमी. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला तापमानाचा उल्लेख न करता माप आणि वजन छापा, असे सांगावे लागले. ६० अंशांवरचे तेल कुठल्या घरात पिशवीतून ओततात? हे वाचून ओळखणारा ग्राहक कसा असायला हवा, पदार्थविज्ञानाचा पदवीधर?

६. गरिबाचे पाच रुपये

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याला मी झटकून टाकू शकत नाही. रोजंदारीवरच्या माणसाच्या खिशात जे नाणे आहे त्यात काहीतरी मिळालेच पाहिजे. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध आणि इंडोनेशियाची पामतेल निर्यातबंदी यांनी कच्च्या मालाचे भाव भडकले. अशा वेळी पुडा ७ रुपयांचा केला असता तर तो कित्येकांच्या हातून सुटला असता. खिशातल्या नाण्यात काहीतरी देण्याचे हेच काम शाम्पूच्या पुडीने केले. दक्षिणेतून सुरू झालेली ती पुडी देशभर गेली आणि बाटली न परवडणाऱ्या घरांतही शाम्पू पोहोचला. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात गरिबांच्या बाजारपेठेची जी मांडणी केली तिच्यात या पुडीला मोठे स्थान आहे.

हे सगळे खरे आहे. पण यातून सिद्ध काय होते? छोटा पुडा हवा, एवढेच. छोटा पुडा मुकाट्याने आणखी छोटा करत जावा, हे त्यातून सिद्ध होत नाही. ५० ग्रॅमला ५ रुपये असा पुडा काढा, त्यावर मोठ्याने ‘५० ग्रॅम’ लिहा, कोणाचीही हरकत नाही. हरकत गप्प बसण्यावर आहे.

शिवाय गरिबाच्या बाबतीत मापाचे मोल आपण कायद्यानेच मान्य केले आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, असा हक्क आहे. हक्क किलोत सांगितला आहे, रुपयांत नाही, कारण पोट किलोने भरते. त्याच माणसाने रेशन दुकानातून बाहेर पडून शेजारच्या दुकानात पाऊल टाकले की त्याचे जग रुपयांत मोजले जाऊ लागते, आणि किलो त्याच्या हातून निसटतो. सतत छोटेच पुडे घेणाऱ्याला प्रत्येक घट सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त लागते. महिन्याची पाच किलोची पिशवी घेणाऱ्याला ती क्वचित लागते.

७. स्पर्धा याची काळजी घेईल का?

अर्थशास्त्र शिकलेले मित्र म्हणतात, एकाने वजन घटवले तर ग्राहक दुसऱ्याकडे जाईल. जाईल, पण घट दिसली तर. स्पर्धा ज्या आकड्यावर चालते तो आकडा लोकांपुढे असावा लागतो. पाच रुपयांच्या फळीवर सगळेच पाच रुपयांचे, मग स्पर्धा वेष्टनाच्या रंगावर आणि जाहिरातीतल्या नटावर होते. वजन प्रामाणिकपणे टिकवणाऱ्या लहान उत्पादकाला त्याचे बक्षीस मिळत नाही, उलट त्याचा नफा घटतो. प्रमाणित माप काढून घेतल्याने स्पर्धा मोकळी झाली असे म्हणतात. मला वाटते, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली.

आणि कंपन्यांना वजन सांगता येत नाही असेही नाही. वजन वाढते तेव्हा पुड्यावर पिवळ्या चांदणीत, ठसठशीत अक्षरांत ‘२० टक्के जादा’ झळकते. त्या चांदणीला जागा असते, शाई असते, नवा छापाही तयार करता येतो. वजन घटते तेव्हा तीच जागा कुठे जाते? सगळ्या युक्तिवादांपेक्षा मला ही एक चांदणी पुरेशी वाटते.

८. करता येण्याजोगे

हा प्रश्न सोडवता येतो हे इतरांनी दाखवले आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना, किंमत न घटवता वजन कमी केलेल्या वस्तूशेजारी दोन महिने तशी पाटी लावावी लागते. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२४ पासून उत्पादकांवर अशी घट जाहीर करण्याची सक्ती केली, न केल्यास दंड आहे. दोन्ही देशांत भाव ठरवण्याचे स्वातंत्र्य जसेच्या तसे आहे. फक्त गप्प राहण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले.

आपल्याला तीन गोष्टी मागाव्या लागतील. डाळ, पीठ, तेल, मीठ, चहा, बिस्किटे, साबण अशा डझनभर गरजेच्या वस्तूंची प्रमाणित वजने परत आणा, छोट्या पुड्यांसकट. वजन घटले तर सहा महिने पुड्याच्या दर्शनी बाजूला जुने वजन आणि नवे वजन शेजारीशेजारी छापा. आणि एककमूल्य सर्व पुड्यांवर किलोला किंवा लिटरलाच लिहा. पहिली मागणी कठीण आहे, उद्योग तिला विरोध करतील. दुसरी आणि तिसरी नियमातल्या दोन ओळी बदलून होणाऱ्या आहेत.

महाराष्ट्राने हे मागितले पाहिजे, कारण ग्राहक चळवळीचे बाळकडू इथलेच आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात पन्नास वर्षांपूर्वी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. मुंबई ग्राहक पंचायतीने घरांचे छोटे छोटे संघ बांधून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवण्याची आणि वाटण्याची रीत घातली. एकट्या ग्राहकाला जे जमत नाही ते वीस घरांना जमते, ही तिची शिकवण आज पुन्हा लागणार आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. येत्या महिन्याची किराण्याची यादी करताना प्रत्येक जिन्नसापुढे किमतीबरोबर पुड्यावरचे ग्रॅमही लिहा, वर तारीख घाला आणि कागद फेकू नका. आपल्या सोसायटीतल्या, वाडीतल्या, बचतगटातल्या वीस घरांना हेच करायला सांगा. सहा महिन्यांनी सगळे कागद एकत्र करा, जिथे वजन उतरले आहे तिथे खूण करा, आणि ते राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा, ग्राहक व्यवहार मंत्रालयाला आणि आपल्या खासदाराला पाठवा. पत्रात वरच्या तीन मागण्या लिहा, आणि वीसही घरांतल्या बायकांच्या सह्या घ्या.